पायाच्या दुखापतीनंतर स्की बूट घेताना: मापापासून पहिल्या उतारापर्यंत

पाय मोडून सावरलेला माणूस स्की बूट घ्यायला गेला की हमखास एक चूक करतो. दुखऱ्या पायाला जपायचं म्हणून एक माप मोठा आणि जितका मऊ मिळेल तितका मऊ बूट घेतो. मीही तेच केलं होतं. उजवा घोटा मोडला, बाहेरच्या बाजूने प्लेट आणि स्क्रू टाकले, आणि वर्षभराने मी नेहमीपेक्षा एक माप मोठे बूट घेऊन आलो. दुकानात पाय अगदी गादीवर ठेवल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजा काढला तर अंगठ्याचं नख काळंनिळं. बूट लहान पडला म्हणून नाही, मोठा होता म्हणून. प्रत्येक वळणावर पाऊल पुढे सरकत होतं आणि नख आपटत होतं. ते सरकू नये म्हणून मी बकलं आवळत गेलो, आणि तो सगळा दाब आला नेमका प्लेटवर.

रोजचा बूट चावला तर आपण मोठा घेतो. स्की बुटात हे चालत नाही. लांबी पावलाएवढीच ठेवायची, आणि जिथे दुखतं तेवढ्याच जागी बुटात जागा करून घ्यायची. पुढचे सगळे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत. त्यांचा क्रम बदलू नका.

टप्पा १: दुकानाआधी डॉक्टर

हाड जुळलं म्हणजे पाय स्की बुटासाठी तयार झाला असं नसतं. कडक बूट घोटा जखडून टाकतो. मग जो मुरगळा एरवी घोट्यात जिरला असता तो वर नडगीकडे आणि गुडघ्याकडे जातो. म्हणून "स्कीइंग करू का?" एवढंच विचारून परत येऊ नका. हे विचारा:

- प्लेट किंवा रॉड नेमका कुठून कुठपर्यंत आहे? स्क्रूंची डोकी कातडीखाली कुठे लागतात?
- बुटाची वरची कड येते त्या उंचीवर हाड पुरेसं भरलं आहे का?
- घोट्याची हालचाल अजून वाढेल, की आहे तेवढीच राहणार?
- कुठे बधिरपणा आहे का, आणि तो जाईल का?

दुसरा प्रश्न नीट विचारायचा तर एक सोपी युक्ती आहे. जुने बूट असतील तर घाला, कफच्या, म्हणजे बुटाच्या नडगीभोवतीच्या कडक भागाच्या, वरच्या कडेला पेनाने नडगीवर रेघ ओढा, आणि जमिनीपासून तिची उंची लिहून घ्या. डॉक्टर एक्स-रे बघून सांगू शकतात की जुना फ्रॅक्चर किंवा प्लेटचं टोक त्या रेघेच्या जवळपास येतं का. पुढे पडताना सगळा जोर त्याच कडेवर येतो. तिथे नडगी मोडणं ही स्कीइंगमधली जुनी, ओळखीची दुखापत आहे.

गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण नऊ महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. पण तारखेपेक्षा फिजिओथेरपिस्टच्या ताकदीच्या चाचण्यांवर भर द्या.

लक्ष द्या: पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर ती बुटाची तक्रार समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

टप्पा २: घरी घ्यायची मापं

दोन्ही पायांची घ्या, आणि कागदावर लिहा. तोंडी सांगितलेलं दुकानाच्या गडबडीत कुणाच्याच लक्षात राहत नाही.

*घोटा किती वाकतो.* अनवाणी, भिंतीकडे तोंड करून उभे राहा. टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. पाऊल हळूहळू मागे सरकवत न्या. टाच उचलली जाण्याच्या आधी गुडघा जिथून शेवटचा टेकतो, तिथे अंगठा ते भिंत हे अंतर मोजा. दहा सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर बहुतेक बुटांत अडचण येत नाही. एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण साडेतीन अंश. माझा डावा पाय ११ सेंटिमीटरवर टेकायचा, उजवा साडेसहावर. पहिल्या खरेदीच्या वेळी हे माहीत असतं तर ते बूट मी तिथेच ठेवून आलो असतो.

*पोटरीचा घेर.* मघाच्या रेघेच्या उंचीवर, उभं राहून, टेप न आवळता. प्लास्टरनंतर पोटरी उतरते आणि भरून यायला कित्येक महिने लागतात. दोन सेंटिमीटरचा फरक असेल तर दोन्ही बुटांची बकलं सारख्या खाचेत लावून चालणार नाही.

*दुखऱ्या जागा.* खरखरीत, उंचवट्याच्या, व्रणाच्या आणि बधिर जागांवर पेनाने खुणा करा आणि पायाचे चारही बाजूंनी फोटो काढा. बूट बसवणाऱ्याला याचा जितका उपयोग होतो तितका वर्णनाचा होत नाही.

*पायांची लांबी.* नडगी किंवा मांडी मोडली असेल तर एक पाय थोडा आखूड झालेला असू शकतो. हे घरी टेपने मोजू नका, चुकतंच. डॉक्टरांकडून मिलिमीटरमध्ये आकडा घ्या. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर तोही पाय आखूड असल्यासारखाच वागतो, तेही सांगा.

टप्पा ३: जाण्याची वेळ आणि सोबतचं सामान

दुपारनंतर जा. दिवसभरात पाऊल थोडं फुगतं, आणि जुनी दुखापत झालेलं जास्तच. सकाळी बरोबर वाटलेला बूट चार वाजता छळतो. त्या दिवशी लांब चालणं किंवा जिम नको. दोन तास मोकळे ठेवा.

सोबत एकच पातळ, लांब स्की मोजा, तुमचे इनसोल असतील तर ते, आणि वरचा कागद. गुडघ्याला ब्रेस घालूनच स्कीइंग करणार असाल तर तो न्या. त्याची खालची पट्टी कफवर आदळते का ते तिथेच दिसेल. नखं आदल्या दिवशी कापा. हसू नका, वाढलेल्या नखाने चांगल्या मापाचा बूट लोकांनी परत केलेला आहे.

लक्ष द्या: जाड मोजा किंवा दोन मोजे म्हणजे जास्त आराम, हा गैरसमज आहे. बुटाच्या आत मोजा सोडून काहीही जाऊ द्यायचं नाही. आतल्या विजारीची शिवणसुद्धा नडगीवर तासाभरात घाव करते.

टप्पा ४: लांबी आणि रुंदी

स्की बुटाचं माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, तिला माँडोपॉइंट म्हणतात. २६.५ म्हणजे २६५ मिलिमीटरचं पाऊल. रोजच्या बुटाच्या नंबरावरून तक्ता लावू नका. उभं राहून, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून, टाच भिंतीला लावून मोजून घ्या. मग बसूनही मोजा. बसलेल्या आणि उभ्या मापात बराच फरक आला तर वजन पडल्यावर कमान खाली बसते आहे असं समजा. अशा पावलाला आधी आधार लागतो, मोठा बूट नाही.

दुखापतीआधीचं माप धरून बसू नका. महिनोन्महिने लंगडत चालल्यावर पाऊल बदलतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: बाहेरचं कडक शेल सहसा पूर्ण मापातच बनतं. बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ ला शेल एकच असतं. म्हणजे "अर्धं माप मोठं द्या" म्हटल्याने कधी काहीच बदलत नाही, तर कधी एकदम पुढचं शेल हातात येतं. कोणती दोन मापं एका शेलची आहेत, हे विचारून घ्या.

रुंदीचा आकडा चवड्याच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. ९७-९८ अरुंद, १०० मध्यम, १०२ च्या पुढे रुंद. हा आकडा २६.५ मापाच्या बुटाचा असतो. बूट त्याहून लहान असेल तर रुंदीही त्या प्रमाणात कमी. सुजलेला घोटा पाहून रुंद बूट उचलू नका. घोटा टाचेच्या वर आहे आणि हा आकडा चवड्याचा आहे.

दोन पावलांच्या लांबीत थोडा फरक असेल तर लहान पावलाच्या शेलपासून सुरुवात करा आणि मोठ्यासाठी जागा काढून घ्या. प्लास्टिक ताणून जागा करता येते, जास्तीची जागा नाहीशी करणं फार अवघड.

टप्पा ५: रिकाम्या शेलची चाचणी

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि लोक सगळ्यात जास्त गाळतात तोही हाच. विक्रेता स्वतःहून करत नसेल तर मागून घ्या. चालढकल केली तर दुसरं दुकान बघा.

आतला मऊ लायनर पूर्ण बाहेर काढा. फक्त मोजा घालून पाय रिकाम्या शेलमध्ये ठेवा. बोटं पुढे अलगद टेकवा, गुडघा किंचित वाकवा. आता टाचेमागे किती मोकळी जागा आहे ते बघायचं. दीड सेंटिमीटर जाडीची गोल काठी आत जाते का बघा, किंवा बोटं घालून अंदाज घ्या.

- १५ ते २० मिलिमीटर: आपल्यासारख्यांसाठी बरोबर.
- १० ते १५: चपखल. अनुभवी आणि वेगाने जाणाऱ्यांसाठी. नुकत्या बऱ्या झालेल्या पायाने इथे जाऊ नये असं माझं मत.
- २५ च्या वर: बूट मोठा आहे. कितीही आरामाचा वाटो, परत ठेवा.

मग पाऊल आत मधोमध आणा आणि बाजू बघा. प्लेट, स्क्रूचं डोकं, वाढलेलं हाड, आतल्या बाजूचा कमानीवरचा उंचवटा, यापैकी काही प्लास्टिकला थेट टेकत असेल तर मध्ये लायनर आल्यावर तिथे दाब येणारच. त्यासाठी बूट नाकारायची गरज नाही. त्या जागी शेलवर खूण करून ठेवा, टप्पा ८ मध्ये ती लागेल.

तपासा: दोन्ही पायांची चाचणी वेगवेगळी झाली का? फक्त दुखऱ्या पायाची करून उठू नका.

टप्पा ६: बूट चढवणं, आवळणं आणि अर्धा तास

लायनर परत घाला. बसून, बूट गुडघ्याच्या सरळ रेषेत ठेवून पाय आत ढकला. मुरगाळून घुसवू नका. शस्त्रक्रिया झालेला गुडघा या एका क्षणात दुखावतो. टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा म्हणजे मागे बसेल. मग उभे राहून आधी कफची बकलं हलकी लावा, वरचा पट्टा ओढा, आणि गुडघे पुढे दाबत दहा वेळा वाका. टाच आणखी मागे जाते. आता कफ एक खाच आवळा. पावलावरची बकलं शेवटी, नुसती बंद होतील इतकीच.

पावलावरची बकलं आधी करकचून लावली की टाच पुढेच अडकते, बोटं टेकतात आणि माणूस म्हणतो बूट लहान आहे. या एका उलट्या क्रमापायी योग्य मापाचे कित्येक बूट परत ठेवले जातात.

सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढच्या बाजूला घासली पाहिजेत. गुडघे वाकवल्यावर ती सुटली पाहिजेत. टाच उचलून बघा, उचलली जाता कामा नये. नडगीवरचा दाब पसरलेला हवा, रेघेसारखा नको.

मग अर्धा तास बूट घालून राहा. पहिली पाच मिनिटं सगळंच घट्ट वाटतं. पंधराव्या मिनिटाला जी एक जागा बोटाने दाखवता येईल अशी दुखते, ती खरी. नंतर बूट काढून कातडी बघा. अर्ध्या तासाने जो लाल डाग अजून तसाच आहे, तिथे काम करायचं आहे.

बधिरपणा असलेल्यांनी "दुखत नाही" यावर विश्वास ठेवू नये. तुमच्यासाठी डोळे हेच मोजमाप आहे. दर दहा मिनिटांनी बूट काढा, डाग बघा, बोटाचं नख दाबून सोडा. गुलाबी रंग दोनेक सेकंदांत परतायला हवा. थंडीत हीच बोटं आधी गारठतात आणि तुम्हाला कळतही नाही.

बूट काढूनही बघा. घोटा ताठ असेल तर घालण्यापेक्षा काढणं जड जातं, कारण पाऊल खाली वळवल्याशिवाय टाच निघत नाही. दुकान उबदार असतं, तिथे प्लास्टिक मऊ असतं. थंडीत तेच बूट काढताना घाम फुटतो. अशांनी तीन भागांचं, पुढून पूर्ण उघडणारं शेल किंवा मागून उघडणारा बूट घालून बघावा.

टप्पा ७: दुखापतीप्रमाणे बूट निवडणं

*घोटा ताठ राहिला असेल तर.* बूट नडगीला आधीच पुढे झुकवून ठेवतो, बहुतेकांत बारा ते सोळा अंश. घोटा तेवढा वाकत नसेल तर पाय तो झुकाव कुठूनतरी काढतो: टाच उचलते, कमान कोसळते, पोटरीत गोळे येतात, आणि शेवटी तुम्ही मागे बसता. मागे बसून स्कीइंग म्हणजे मांड्यांचे हाल आणि गुडघ्याला धोका. म्हणून झुकाव कमी असलेला बूट बघा, कफमागे घातलेला जाड तुकडा असेल तर काढायला सांगा, आणि टाचेखाली तीन ते सहा मिलिमीटरची पाचर घालून बघा. पाचर घातली की पावलाचा वरचा भाग शेलच्या छताला लागतो. ते आताच तपासा.

*पोटरी उतरली असेल तर.* कफमध्ये भर घालावी लागते, पण कुठे घालायची त्यावर सगळं आहे. नुसती मागे घातली तर नडगी आणखी पुढे ढकलली जाते. घोटाही ताठ असेल तर हा उपाय उलटा पडतो. मग भर पोटरीभोवती गुंडाळून घ्या. ती काढता येण्यासारखी हवी, कारण पोटरी पुन्हा भरणार आहे.

*नडगी मोडली असेल तर.* लायनरची जीभ जाड आणि सलग हवी. व्रण किंवा हाडाचा उंचवटा मधोमध असेल तर जीभ थोडी बाजूला सरकवता येते. टप्पा १ मधली रेघ इथे पुन्हा काढा. नव्या बुटाची उंची वेगळी असते.

*गुडघा.* बुटाच्या बाजूचा कफचा स्क्रू नडगीच्या वळणाप्रमाणे कफ आत-बाहेर कलवतो. तो गुडघ्याची रेषा सुधारतो असा समज आहे, तो खरा नाही. गुडघा पावलाच्या आत किंवा बाहेर पडत असेल तर तळाला उतार द्यावा लागतो, आणि ते काम मोजून, अर्ध्या-एक अंशाच्या हिशेबाने होतं.

*एक पाय आखूड.* दोन-चार मिलिमीटरचा फरक आतून भरता येतो. त्यापुढे आतली जागा संपते. मग उंची तळाखाली वाढवायची आणि बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला धरून ठेवणारी, जोर आला की सोडणारी पकड) बसणाऱ्या कडा पुन्हा प्रमाणित मापात कापून घ्यायच्या. हे यंत्रावरचं काम आहे, घरी गोंद लावून होणारं नाही.

फ्लेक्सच्या, म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक आहे त्याच्या, आकड्याबद्दल थोडक्यात. ७०, ९०, ११० हे आकडे कंपनी-कंपनीत सारखे नसतात, त्याला सामाईक मानक नाही. दुखापतीनंतर नेहमीपेक्षा थोडा मऊ घ्या, पण अगदी लिबलिबीत नको. कफ कोसळला की पुढे पडणारं वजन सावरायचं काम पुन्हा त्याच घोट्यावर येतं. आणि दुकानात जो जेमतेम वाकतो तो थंडीत वाकणार नाही.

टप्पा ८: दुरुस्त्या, याच क्रमाने

१. फुटबेड, म्हणजे तळव्याला आधार देणारा इनसोल. पावलाला खालून आधार मिळाला की ते आखडतं, अरुंद होतं, आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.
२. लायनर गरम करून पायाच्या आकारात बसवणं. व्रणावर आणि स्क्रूच्या डोक्यावर आधी फोमचा तुकडा चिकटवायला सांगा, म्हणजे तिथे खळगा तयार होतो.
३. शेल ताणणं किंवा आतून घासणं, फक्त खूण केलेल्या जागी.
४. कफचा कल आणि तळाचा उतार.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येकानंतर दहा मिनिटं उभं राहणं. लोक आधी शेल ताणून घेतात आणि मग फुटबेड घालतात. फुटबेडने पाऊल वर येतं आणि ताणलेली जागा भलतीकडेच राहते. तळाचा उतार सगळ्यात शेवटी, कारण आधीच्या प्रत्येक बदलाने उभं राहण्याची रेषा हलते.

लक्ष द्या: शेल ताणून झालं की बूट सहसा परत घेत नाहीत. लांबीबद्दल जराही शंका असेल तर तिसऱ्या पायरीआधी थांबा.

टप्पा ९: बाइंडिंग

नवे बूट जुन्या स्कीवर तसेच चढवू नका. शेलवर तळाची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ ३०५. बाइंडिंग त्या लांबीला जुळवून, वजन, उंची, वय आणि स्कीइंगची पद्धत पाहून सुटण्याचा आकडा, म्हणजे किती जोराला स्की बुटापासून सुटेल ते, ठरतो. त्याची ठरलेली पद्धत आयएसओ ११०८८ या मानकात आहे. तळाचा प्रकारही जुळायला हवा. साध्या अल्पाइन तळाचं मानक ५३५५, चालायला सोप्या ग्रिपवॉक तळाचं २३२२३. प्रत्येक बाइंडिंग दोन्ही घेत नाही.

पाय जपायचा म्हणून आकडा स्वतः कमी करू नका. नको तिथे स्की सुटली तर वेगात पडणं त्याहून वाईट. दुखापत तंत्रज्ञाला सांगा आणि त्याला ठरवू द्या. आणि एवढं लक्षात असू द्या: नेहमीची बाइंडिंग मुळात नडगी वाचवण्यासाठी आहेत, गुडघ्याच्या लिगामेंटची हमी ती देत नाहीत.

टप्पा १०: पहिले काही दिवस

घरी तीन-चार संध्याकाळी अर्धा-अर्धा तास बूट घालून बसा. उतारावर पहिल्या दिवशी दोन तास पुरे. लिफ्टमध्ये वरची बकलं सैल करा. रात्री बूट गाडीत किंवा पडवीत ठेवू नका, खोलीत ठेवा. गार बुटात पाय घालताना घोट्याला जो झटका बसतो तो टाळायचा आहे. हीटरला चिकटवून वाळवूही नका.

दुखलं तर कुठे आणि किती वेळाने, ते त्याच दिवशी लिहा. लगेच दुखतं ते बहुधा बुटाचं. दोन तासांनी दुखतं ते बहुधा थकलेल्या स्नायूचं, त्यासाठी शेल ताणायला जाऊ नका. पहिल्या आठवड्याभरात लायनर दबतो आणि बूट थोडा सैलावतो. तेव्हा बकल एक खाच पुढे घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही तीच जागा दुखत असेल तर लायनरवर मार्करने गोल काढा आणि बूट बसवणाऱ्याकडे परत जा.

सहा महिन्यांनी पोटरी पुन्हा मोजा आणि भिंतीची चाचणी पुन्हा करा. माझा उजवा गुडघा साडेसहावरून नऊ सेंटिमीटरवर आला होता. पोटरीभोवतीची पट्टी काढली, टाचेखालची पाचर मात्र अजून आहे.